घरची वाईन गढूळ झाली म्हणजे वाया गेली का? बाटली फेकण्याआधी हे पाच प्रकार माहीत हवेत

डिसेंबर महिना. कपाटाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली बरणी बाहेर निघते. घर वसईतलं असेल, वांद्र्याच्या एखाद्या गावठाणातलं असेल, नाहीतर गोव्यातलं. ख्रिसमसच्या टेबलावर घरची वाईन ठेवायची पद्धत इथं जुनी. द्राक्षं, मनुका, जांभूळ, बीट, आलं, अननस, जे हाताशी असेल त्याची वाईन.

वास झकास येतो. चवही जमलेली असते. पण ग्लासात ओतली की दिसतं काय, तर पावसाळ्यातल्या ओढ्याचं पाणी.

मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. एकजण म्हणतो, फडक्यातून गाळून घे. दुसरा म्हणतो, तुरटी फिरव. तिसऱ्याचं म्हणणं असतं, एक उकळी काढ. आणि चौथा थेट सांगतो, फेकून दे, विषारी झाली असेल.

यातले पहिले तीन उपाय चालत नाहीत. चौथा बहुतेक वेळा गरजेचा नसतो, पण काही वेळा तोच बरोबर असतो. नेमका कधी, ते कळलं पाहिजे.

कसंय, गढूळपणा हा आजार नाही. तो ताप आहे. ताप मलेरियानंही येतो आणि साध्या सर्दीनंही. औषध मात्र दोन्हीला वेगळं लागतं. वाईनचं तसंच आहे. ती गढूळ होण्याची मुख्य कारणं पाच, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

आधी कायद्याचं बघू

महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. जुनं नाव मुंबई दारूबंदी कायदा. या कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणतंही मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि मद्यात वाईनही येते. "घरच्यापुरती केली" किंवा "सणासाठी केली" ही सबब कायद्यात नाही. केरळमध्येही ख्रिसमसला घरोघरी वाईन होते. तिथल्या एक्साइज विभागानं २०१९ मध्ये सणाच्या तोंडावर घरच्या वाईनबद्दल तंबी दिली होती, तेव्हा तिथं मोठी चर्चा झाली होती.

परदेशात चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरापुरती वाईन बनवायला परवाना लागत नाही, ती विकता मात्र येत नाही. अमेरिकेत घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटरपर्यंत वाईन करायला केंद्रीय कायद्यानं मुभा आहे. म्हणूनच तिकडे परसातल्या प्लमची, सफरचंदांची, ब्लॅकबेरीची वाईन करणं हा रीतसर छंद आहे. त्यात तिकडे राहणारे आपले लोकही आले.

तेव्हा तुम्ही राहता तिथला नियम आधी बघा. तो कळला की विज्ञानाकडे वळू.

तुरटीनं पाणी निवळतं, मग वाईन का नाही?

गढूळ पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना ढकलत राहतात, एकत्र येत नाहीत, म्हणून जड होऊन खाली बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मोडतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गुंजोळे होतात आणि साका तळाला बसतो. यालाच आपण पाणी निवळणं म्हणतो.

मग वाईनमध्ये हीच युक्ती का लागू पडत नाही? कारण वाईन आंबट असते. तिचा पीएच साधारण ३ ते ४ च्या मध्ये असतो. तुरटीचं काम साध्या पाण्यात, म्हणजे पीएच ६ ते ७ च्या आसपास छान चालतं. आंबट द्रवात ॲल्युमिनियमचे गुंजोळे बनतच नाहीत, ते विरघळून तसंच राहतं. म्हणजे वाईन गढूळ ती गढूळच, वर चवीला तुरट आणि पोटात नको असलेलं ॲल्युमिनियम. तुरटीचा विषय इथंच संपला.

फडक्याचंही तेच. यीस्टची एक पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी. मलमलच्या फडक्याची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. फडक्यानं फळाचा चोथा अडतो, गढूळपणा नाही. उलट वाईन पुन्हा पुन्हा गाळताना तिला हवा लागते, आणि हवा लागलेली वाईन तपकिरी पडते, शिळी लागते किंवा व्हिनेगरच्या वाटेला लागते.

राहिली उकळी. ती का नको, ते पुढच्या दोन प्रकारांत कळेल.

प्रकार १ : यीस्ट अजून खाली बसलेलं नाही

सर्वात जास्त वेळा आढळणारं आणि सर्वात निरुपद्रवी कारण हेच.

फळातली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. हे काम चालू असताना कोट्यवधी पेशी वाईनमध्ये तरंगत असतात, त्यामुळे वाईन दुधाळ दिसते. साखर संपली की यीस्ट थंडावतं आणि हळूहळू तळाला जातं. पण बुडबुडे चालू असतील तर ते बसायला आलेले कण पुन्हा वर नेतात.

म्हणजे इथं वाईन बिघडलेली नाही. तिला आणखी वेळ हवाय.

उपाय सोपा आहे. आंबणं पूर्ण थांबू द्या. मग तळाचा साका न हलवता वरची वाईन नळीनं, सायफन करून, दुसऱ्या स्वच्छ बाटलीत घ्या. गळ्यापर्यंत भरा, म्हणजे वर हवेला जागा राहणार नाही. बाटली गार जागी ठेवा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा साका दिसला तर पुन्हा तेच करा. वाईनमध्ये वायू अडकलेला असेल तर सायफन केल्यावर स्वच्छ चमच्याच्या दांड्यानं हलकं ढवळून तो जाऊ द्या.

इथं एक अडचण आपल्याकडच्या हवेची आहे. इंग्लंडमधल्या रेसिपीत लिहिलेलं असतं, "गार गॅरेजमध्ये ठेवा." तिकडे हिवाळ्यात गॅरेजचा फ्रीज झालेला असतो. कोकणपट्टीत डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीच्या आसपास असतो, मग साका बसायला वेळ लागणारच. अशा हवेत बाटली एक-दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवली की फरक दिसतो.

आणि एक धोका. यीस्ट जिवंत आहे, साखर शिल्लक आहे, आणि तुम्ही घाईघाईत बूच घट्ट लावलं, तर आंबणं बाटलीच्या आत चालू राहतं. वायूला बाहेर पडायला जागा नसते. काचेची बाटली फुटते आणि काचा उडतात. गढूळ आणि गोड वाईन कधीही घट्ट बंद करून कपाटात ठेवू नका, हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा नियम समजा.

प्रकार २ : पेक्टिन, म्हणजे पेरूच्या जेलीची करामत

पेरूची जेली कशी जमते? पेरू उकळला की त्यातलं पेक्टिन पाण्यात उतरतं. साखर आणि आंबटपणा मिळाला की ते जाळं विणतं आणि रस थरथरणारी जेली होतो. फळाच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा हा नैसर्गिक डिंकच आहे.

जेलीत जो गुण, तोच वाईनमध्ये दोष. पेक्टिनचं विरळ जाळं वाईनमध्ये पसरून राहतं आणि बाकीच्या कणांनाही धरून ठेवतं. अशी वाईन महिनोन् महिने ठेवली तरी निवळत नाही.

पेरू, सफरचंद, प्लम आणि लिंबूवर्गीय फळांची सालं यांत पेक्टिन भरपूर असतं. त्यात फळ आधी उकळून घेतलं असेल तर विचारूच नका. सरबताच्या सवयीनं आपण फळ शिजवून रस काढतो, आणि गढूळपणाची बीजं तिथंच पेरली जातात. तयार वाईन उकळली तर प्रश्न सुटत नाहीच, शिवाय अल्कोहोल उडून जातं आणि चव शिजवलेल्या फळासारखी होते.

ओळखायचं कसं? छोट्या काचेच्या ग्लासात एक चमचा वाईन घ्या. त्यात तीन-चार चमचे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा स्पिरिट घाला आणि अर्धा-एक तास ठेवा. पेक्टिन असेल तर जेलीसारखे गोळे किंवा तंतू दिसतात. हा नमुना विषारी आहे. तो लगेच ओतून टाका, ग्लास वेगळा ठेवा, आणि चाचणी चालू असताना घरात लहान मूल जवळ येऊ देऊ नका.

उपाय म्हणजे पेक्टिनेज नावाचं एन्झाइम. हे पेक्टिनचं जाळं कापतं. बाजारातलं पेक्टिनेज बहुतेक करून ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात आणि फळांचे रस बनवणारे कारखानेही ते वापरतात. तयार वाईनमध्येही ते घालता येतं, पण अल्कोहोलमध्ये आणि थंडीत त्याचा जोर कमी होतो. म्हणून पाकिटावर दिलेल्यापेक्षा थोडं जास्त घालून वाईन खोलीच्या तापमानाला काही दिवस ठेवावी लागते. खरी जागा मात्र पहिल्या दिवसाची. फळ चुरल्यावर लगेच एन्झाइम घालायचं आणि यीस्ट दुसऱ्या दिवशी. रस गरम असताना कधीच नाही, कारण उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं.

प्रकार ३ : स्टार्च, आणि ती मूठभर गव्हाची सवय

गोव्यापासून केरळपर्यंत घरच्या वाईनच्या अनेक रेसिपींमध्ये एक ओळ हमखास असते : मूठभर गहू घाला. गव्हानं वाईनला अंग येतं असं मानतात. काही रेसिपींत तांदूळही असतो.

गंमत म्हणजे वाईन गढूळ व्हायला ही मूठ पुरेशी असते. गहू आणि तांदूळ म्हणजे स्टार्च, साध्या भाषेत पिठूळपणा. वाईनचं नेहमीचं यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही, त्यामुळे तो तसाच राहतो. भाताच्या पेजेला जो धुरकट रंग असतो, तोच वाईनला येतो. गहू भरडलेला असेल तर आणखी जास्त. कच्ची केळी, कच्ची सफरचंदं आणि न पिकलेली फळं यांतूनही स्टार्च येतो.

याची चाचणी शाळेतली आहे. वाटीत चमचाभर वाईन घ्या, गडद रंगाची असेल तर पाणी घालून फिकी करा, आणि जखमेला लावायच्या आयोडिनचा एक थेंब टाका. निळसर काळा रंग आला तर स्टार्च. नमुना ओतून टाका.

उपाय अमायलेज. हे एन्झाइम स्टार्चची साखर करतं. पण लक्षात ठेवा, साखर तयार झाली म्हणजे यीस्टला नवं खाद्य मिळालं. आंबणं पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून अमायलेज घातल्यावर लगेच बाटल्या बंद करायच्या नाहीत. पुढच्या वेळी गहू घालायचाच असेल तर अख्खा घाला आणि पुरचुंडीत बांधून घाला. न घातला तर उत्तम.

प्रकार ४ : प्रोटीन, जे उन्हाळ्यात डोकं वर काढतं

हा प्रकार जरा फसवा. जानेवारीत वाईन काचेसारखी स्वच्छ असते. बाटल्या भरतात, कौतुक होतं. एप्रिल उजाडतो, कपाट तापतं, आणि त्याच वाईनमध्ये धुकं दिसू लागतं.

अंडं उकडल्यावर पांढरा भाग पारदर्शकचा अपारदर्शक का होतो? उष्णतेनं प्रोटीनची घडी उलगडते आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. फळातल्या प्रोटीनचंही तेच होतं. तयार वाईन उकळायची नाही, याचं हे दुसरं कारण. पांढऱ्या आणि फिकट वाईनमध्ये हा त्रास जास्त दिसतो. लाल वाईनमधलं टॅनिन बरंचसं प्रोटीन आधीच पकडून खाली नेतं.

इथं जगभर वापरतात ती बेंटोनाइट नावाची माती. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या बेंटन शेल या खडकांवरून तिला हे नाव पडलं. आपल्याकडे ती कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरला निघते. तिच्यावर ऋण भार असतो, आणि आंबट वाईनमधल्या प्रोटीनवर धन. दोघं एकमेकांना ओढतात, चिकटतात आणि तळाला जातात. तुरटीचंच तत्त्व, पण वाईनच्या आंबटपणात चालणारं.

लिटरला साधारण अर्धा ते एक ग्रॅम बेंटोनाइट पुरतं. ते थेट वाईनमध्ये टाकलं तर गुठळ्या होतात. आधी गरम पाण्यात भिजवून काही तास फुगू द्यायचं, मग ढवळत घालायचं. आठवडाभरात साका बसला की वाईन सायफन करून घ्यायची. बेंटोनाइट खाण्यासाठीच्या दर्जाचंच हवं. फेसपॅकसाठी किंवा बोअरवेलसाठी मिळणारं चालणार नाही.

एक क्रम पाळा. एन्झाइम आधी, बेंटोनाइट नंतर. एन्झाइम हेही प्रोटीनच आहे. दोन्ही एकत्र घातलं तर माती आधी एन्झाइमलाच घेऊन खाली बसेल.

प्रकार ५ : जंतू, इथं मात्र भावनिक व्हायचं नाही

१८६३ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यानं लुई पाश्चरला एक काम दिलं. फ्रेंच वाईन वरचेवर बिघडत होती, त्यानं व्यापाराचं नुकसान होत होतं. पाश्चरनं सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या वाईन तपासल्या आणि दाखवून दिलं की वेगवेगळ्या बिघाडामागे वेगवेगळे सूक्ष्मजीव असतात. १८६६ मध्ये त्यानं यावर पुस्तक लिहिलं. बंद बाटलीतली वाईन ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून जंतू मारायची त्याची पद्धत पुढे दुधाला लागू झाली. आपल्या दुधाच्या पिशवीवरचा "पाश्चराइज्ड" हा शब्द तिथून आलाय.

तर जंतूंमुळे आलेला गढूळपणा डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळतो.

- व्हिनेगरचा झणका आला, तर अ‍ॅसिटिक ॲसिड बनवणारे जंतू शिरलेत. हवा लागल्याची ही खूण.
- नेलपॉलिशसारखा वास आला, तरी बिघाड त्याच दिशेचा आहे.
- वर पांढरा पापुद्रा धरला असेल, तर हवेत वाढणारं यीस्ट आलंय.
- ओतताना वाईन तेलासारखी किंवा तार धरल्यासारखी पडते, तर ते लॅक्टिक जंतूंचं काम.
- हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली, तर विचार न करता सगळं फेकून द्या.

अशा वाईनला एन्झाइम, बेंटोनाइट, फ्रीज काहीही घातलं तरी ती स्वच्छ दिसेल, पण चांगली होणार नाही. बिघाड झाकायचा प्रयत्न करू नका. पाहुण्यांना तर देऊच नका.

याच यादीत भांड्याचाही दोष येतो. तांबं, पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनियम आंबट रसात विरघळतात. त्यानं वाईन धुरकट होते आणि अंगाला अपायही होतो. काच, खाण्यासाठीचं प्लॅस्टिक किंवा चांगलं स्टेनलेस स्टील वापरा. आजीची जुनी चिनी मातीची बरणी कितीही लाडकी असली, तरी तिच्या आतल्या चकाकीला तडे गेले असतील तर तिला लोणच्यालाही नको आणि वाईनलाही नको.

मग नेमकं करायचं काय? हा क्रम लक्षात ठेवा

पायरी १. अंधारात बाटलीच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाशाचा पट्टा धुक्यातल्या हेडलाइटसारखा दिसला तर वाईनमध्ये कण आहेत. फक्त तळाला काचेसारखे स्फटिक दिसत असतील, तर तो गढूळपणा नाही. द्राक्षाच्या वाईनमध्ये थंडीनं टार्टारिक आम्लाचे खडे बसतात. ते निरुपद्रवी असतात.

पायरी २. वास घ्या, वरचा थर बघा. बिघाडाची खूण असेल तर इथंच थांबा.

पायरी ३. आंबणं संपलंय का बघा. हायड्रोमीटर असेल तर सलग तीन-चार दिवस एकच आकडा आला पाहिजे. संपलं नसेल तर काहीही घालू नका, वाट बघा.

पायरी ४. संपलं असेल तर सायफन, फ्रीज आणि दोन आठवडे थांबा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटायला हव्यात.

पायरी ५. तरीही धुकं असेल तर स्पिरिटची चाचणी, मग आयोडिनची. पेक्टिन निघालं तर पेक्टिनेज, स्टार्च निघाला तर अमायलेज.

पायरी ६. दोन्ही नाही निघालं, तर प्रोटीनचा संशय धरा आणि बेंटोनाइट वापरा. पण आधी एका छोट्या बाटलीत करून बघा. सगळ्या वाईनवर एकदम प्रयोग नको.

फिल्टर हा शेवटचा उपाय. तोसुद्धा वाईन जवळपास निवळल्यावर. गढूळ वाईन फिल्टरमध्ये ओतली तर तो पाच मिनिटांत तुंबतो.

अंड्याचा पांढरा भाग आणि शाकाहाराचा प्रश्न

घरच्या वाईनमध्ये अंड्याचा फेटलेला पांढरा भाग घालायची पद्धत आपल्याकडेही आहे. हा खुळचटपणा नाही. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये २२५ लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा भाग घालणं ही मान्यताप्राप्त रीत आहे. पोर्तुगालमधल्या मठांत पांढरा भाग वाईन निवळायला आणि कपड्यांना खळ करायला वापरत, आणि उरलेल्या पिवळ्या बलकांतून गोड पदार्थ जन्मले, असं सांगितलं जातं. गोव्याच्या बेबिंकाला एवढे बलक का लागतात, याची कथाही अशीच सांगतात.

पण अंडं लाल, तुरट वाईनमधलं टॅनिन ओढून घेतं. पेक्टिन आणि स्टार्चवर त्याचा उपयोग नाही. पाच लिटरच्या बरणीत अख्ख्या अंड्याचा पांढरा भाग म्हणजे प्रमाणाच्या बाहेर.

जिलेटिन प्राण्यांपासून येतं. आयसिंग्लास माशाच्या फुग्यापासून. कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून. म्हणजे स्वच्छ दिसणारी वाईन शाकाहारी असेलच असं नाही. पेक्टिनेज, अमायलेज आणि बेंटोनाइट ही त्रयी मात्र शाकाहारी घरातही चालणारी. आणि पाहुण्याला अंड्याची ॲलर्जी असू शकते, हे विसरू नका. युरोपीय संघात २०१२ पासून वाईनमध्ये अंड्याचा किंवा दुधाचा अंश राहिला तर लेबलवर लिहावं लागतं.

पुढच्या वेळी गढूळ होऊच नये म्हणून

- पिकलेलं, पण न सडलेलं फळ घ्या.
- मिक्सरमधून काढू नका. लगदा जितका बारीक, तितकं धुकं जास्त. शिवाय बिया फुटून कडवटपणा येतो. हातानं चुरा आणि पुरचुंडीत बांधा.
- पुरचुंडी काढताना पिळू नका. जे आपोआप निथळेल तेवढंच घ्या.
- फळ उकळू नका. पेक्टिनेज पहिल्या दिवशी घाला.
- भांडी, नळ्या, बाटल्या निर्जंतुक करा. आंबणं संपल्यावर हवा कमीत कमी लागू द्या.
- वाईन टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. घरगुती स्क्वॅशमध्ये घालतात तेच. पाच लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम पुरतं. दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे पिणाऱ्यांना आधी सांगा.
- घाई करू नका. २१ दिवसांची वाईन २२व्या दिवशी गढूळच असणार. जांभळं जूनमध्ये येतात. तेव्हा घातलेल्या वाईनला ख्रिसमसपर्यंत सहा महिने मिळतात, आणि निवळण्याचं बरंचसं काम हे महिनेच करतात.

गढूळ म्हणजे विषारी, आणि स्वच्छ म्हणजे सुरक्षित?

आता त्या चौथ्या सल्ल्याकडे येऊ. विषारी झाली असेल, हा.

दारूतलं विष म्हटलं की मिथेनॉल आठवतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं १०० हून अधिक लोकांचा जीव घेतला. त्या दारूत मिथेनॉल होतं. ते फळ आंबवताना आपोआप तयार झालेलं नव्हतं, मिसळलेलं होतं.

फळाच्या वाईनमध्येही मिथेनॉलचा अंश असतो. पेक्टिन तुटताना तो सुटतो. पण साध्या, न गाळलेल्या म्हणजे ऊर्ध्वपातन न केलेल्या वाईनमध्ये त्याचं प्रमाण फार कमी असतं. अशी वाईन घरी भट्टी लावून कधीही गाळू नका. तो मोठा गुन्हा तर आहेच, शिवाय आगीचा आणि विषबाधेचाही धोका आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिथेनॉल पाण्यासारखं पारदर्शक असतं. त्याला रंग नाही, ते तळाला बसत नाही, टॉर्चमध्ये दिसत नाही. गढूळ ती विषारी आणि चकचकीत ती सुरक्षित, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. अनोळखी ठिकाणाहून आलेली, लेबल नसलेली दारू काचेसारखी स्वच्छ असली, तरी त्या स्वच्छतेवर विसंबू नका. ती कुणी आणि कशापासून बनवली, हे माहीत नसेल तर ग्लास खाली ठेवा.

घरच्या बरणीचं मात्र तसं नाही. त्यात काय घातलं, कधी घातलं, हे घरच्यांना ठाऊक असतं. वास चांगला असेल, बुरशी नसेल, आंबणं थांबलेलं असेल आणि तरीही वाईन गढूळ असेल, तर फेकायची घाई करू नका. नळी लावा, साका मागे ठेवा, बाटली फ्रीजमध्ये सारा. दोन आठवड्यांनी टॉर्च मारून पुन्हा बघा.